आज सोयाबीनचा भाव काय? – यंत्रासाठी लिहायचे माहितीपत्रक

दिवाळी जवळ आली की वऱ्हाडातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. सोयाबीन घरात आलेले असते, कापसाची वेचणी चालू असते आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी हातात पैसा हवा असतो. माल आजच विकायचा की थोडे थांबायचे? अकोल्याला न्यायचा की मूर्तिजापूरला? आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी हे बोलणे त्यांच्या कानावर पडत असते.

पूर्वी हा प्रश्न शेजाऱ्याला किंवा अडत्याला विचारला जाई, नाहीतर वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना पाहिला जाई. आता तो फोनला विचारता येतो, तोही मराठीत बोलून. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार’ हे ॲपही आले. खाजगी कंपन्यांचे बोलके कार्यक्रम तर कितीतरी आहेत.

फोनमधला असा कार्यक्रम आजचा भाव सांगतो, तेव्हा तो भाव त्याला कुठून कळतो? या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण एका छोट्याशा कागदापाशी येऊन पोहोचतो. तो कागद म्हणजे संगणकीय साधनाचे माहितीपत्रक. ते नीट लिहिलेले असेल तर शेतकऱ्याला योग्य उत्तर मिळते. नसेल तर चुकीचे उत्तर मिळते, आणि तेही ठाम आवाजात. असे पत्रक कसे लिहावे, ते या लेखात पाहू.

हा एजंट कोण?

एजंट म्हटले की आपल्याकडे अडत्या किंवा दलाल डोळ्यांसमोर येतो. संगणकाच्या जगातला एजंटही दुसऱ्याच्या वतीनेच काम करतो, पण त्याची घडण वेगळी आहे. त्याच्या मुळाशी एक ‘भाषा-प्रारूप’ असते. प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येणे संभवते, हे ते शिकलेले असते. त्याला वाक्ये रचता येतात, प्रश्नाचा रोख कळतो. पण ते जुन्या मजकुरावर शिकलेले असल्यामुळे आज सकाळी अकोल्याच्या बाजार समितीत काय भाव निघाला, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही.

म्हणून त्याच्या हाती साधने दिली जातात. साधन म्हणजे एक लहानसा संगणकीय कार्यक्रम. एखादे साधन हवामान सांगते, एखादे गणित करते, एखादे बाजारभाव आणून देते. काम असे चालते :

१. शेतकरी प्रश्न विचारतो.
२. एजंटसमोर हाताशी असलेल्या साधनांची यादी आणि प्रत्येकाचे माहितीपत्रक असते. ते वाचून कोणते साधन वापरायचे हे तो ठरवतो.
३. तो साधनाला मागणी लिहून पाठवतो : ठिकाण हे, पीक हे, तारीख ही.
४. साधन आपले काम करून उत्तर परत पाठवते. ते वाचून एजंट शेतकऱ्याशी बोलतो.

एजंट आणि साधने यांच्यात बोलणे व्हावे यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक साधन स्वतःची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी करून देते : नाव, कामाचे वर्णन, आणि त्याला पुरवायच्या माहितीची यादी. एजंट साधनाच्या पोटात शिरून पाहत नाही. या तीन गोष्टींत जे लिहिले असेल तेवढेच त्याला त्या साधनाविषयी कळते.

येथे एजंटचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. पत्रकात एखादी गोष्ट लिहिलेली नसेल तर नवखा माणूस अडतो, डोके खाजवतो, कोणाला तरी विचारतो. एजंट पुष्कळदा अडत नाही. जे संभवनीय वाटते ते धरून तो पुढे जातो. त्यामुळे पत्रकातली रिकामी जागा रिकामी राहत नाही. तेथे अंदाज येऊन बसतो.

तीन ओळींचे पत्रक

आपण ‘भावदर्शक’ नावाचे एक साधन कल्पू. त्याला माहिती पुरवणारा साठा मात्र खरा आहे. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ योजनेत देशभरच्या बाजार समित्यांतील रोजचे भाव नोंदले जातात, आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या मंचावरून ते कोणाही कार्यक्रमाला मागता येतात. साधन तयार करणाऱ्याने पत्रक असे लिहिले :

‘भावदर्शक. बाजारभाव सांगते. द्यायची माहिती : ठिकाण, पीक, तारीख.’

वाचायला सोपे आहे, चूकही काही नाही. आता हे पत्रक घेऊन वऱ्हाडात फिरू.

ठिकाण. शेतकरी म्हणतो, “चांदूरचा भाव सांग.” अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे. दोन्ही तालुक्यांची गावे. एक अचलपूरच्या बाजूला, दुसरे बडनेरा-वर्धा लोहमार्गावर. बोलणारा कोणत्या गावचा आहे यावरून आपल्याला लगेच उमगते; एजंटला उमगत नाही. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी, अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी यांचेही तसेच. अकोला शहर वऱ्हाडातले, पण अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात. रोमन लिपीत तर ही दोन नावे एकमेकांत सहज मिसळतात. अमरावतीची रोमन वर्णाक्षरेही इंग्रजांच्या काळापासून वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिली गेली आहेत. संगणकाच्या दृष्टीने एक अक्षर बदलले की ते दुसरे गाव.

पीक. साठ्यातली नावे इंग्रजी आहेत. तूर तेथे ‘अरहर’ या नावाखाली आहे आणि हरभरा ‘बेंगाल ग्रॅम’ या नावाखाली. सोयाबीनच्या इंग्रजी नावात आपण सहसा लिहीत नाही असे एक अक्षर जास्त आहे. शेतकरी तर ‘तुरी’ म्हणेल आणि कपाशीला ‘पऱ्हाटी’ म्हणेल. कोणते नाव साठ्याला कळते, हे पत्रकाने सांगितले नाही तर एजंट रूढ नाव पाठवतो आणि हाती काहीच लागत नाही.

तारीख. ०५/११ म्हणजे आपल्याकडे ५ नोव्हेंबर. अमेरिकेत तीच ११ मे. एजंटने दोन्ही देशांचा मजकूर वाचलेला आहे. साठ्यात दिवस आधी, मग महिना, मग वर्ष असा क्रम आहे. तो सांगितला नाही तर ऐन हंगामातल्या भावाऐवजी उन्हाळ्यातला भाव समोर येऊ शकतो.

माप. येथे कापसाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस, आणि त्याचा भाव क्विंटलला असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई. रुईचा भाव खंडीला सांगतात आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. रुईची गाठ १७० किलोची. बातमीत ‘कापूस ५६ हजारांवर’ असे छापून येते तेव्हा ते बहुधा रुईच्या खंडीबद्दल असते.

वर्गात हा हिशेब जरूर करून घ्या. समजा, रुईचा भाव खंडीला ५६,००० रुपये आहे. म्हणजे किलोला सुमारे १५७ रुपये ३० पैसे. एक क्विंटल कापसातून समजा ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली, २ किलो घट झाली. रुईचे झाले सुमारे ५,३४८ रुपये. सरकी ३५ रुपये किलोने धरली तर २,२४० रुपये. बेरीज ७,५८८ रुपये. यातून जिनिंगचा खर्च आणि नफा वजा जाऊन जे राहते त्याच्या आसपास शेतकऱ्याचा भाव असणार.

आता एजंटला माप माहीत नसेल तर काय होईल? ५६,००० हा आकडा क्विंटलचा म्हणून सांगितला तर शेतकरी हसेल आणि सोडून देईल. पण एजंटने ३५६ ने भागून, १०० ने गुणून ‘कापूस क्विंटलला १५,७३० रुपये’ असे सांगितले तर? गणित बरोबर, आकडा न हसण्याइतका जवळचा, आणि उत्तर साफ चूक. कारण तो भाव रुईचा आहे. अशा चुकीवर विसंबून एखादा माणूस माल घरात ठेवून बसू शकतो.

कोणता भाव? बाजार समिती तीन भाव नोंदवते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल गेला तो. दहावीच्या गणितात आपण मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतो. त्यातला हा बहुलक. समजा सोयाबीनचा किमान भाव ३,८००, कमाल ४,६०० आणि सर्वसाधारण ४,३०० आहे. पत्रकात खुलासा नसेल तर एजंट किमान आणि कमाल यांची सरासरी काढून ४,२०० सांगेल, नाहीतर नुसता कमाल भाव सांगून आशा लावेल. शिवाय हमीभाव ही आणखी वेगळी गोष्ट. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये जाहीर झाला होता. तो केंद्र सरकार ठरवते; बाजारात तेवढा मिळेलच असे नसते. भावदर्शक यांपैकी काय देते, हे लिहायलाच हवे.

किती नोंदी? खुल्या मंचावर सर्वांसाठी ठेवलेल्या नमुना चावीने मागणी केली तर एका वेळी दहाच नोंदी मिळतात. “आज राज्यात सर्वांत जास्त भाव कुठे?” असे विचारले की एजंट दहा नोंदी पाहतो आणि त्यातला मोठा आकडा ‘राज्यातला सर्वांत जास्त’ म्हणून सांगतो. उरलेल्या बाजार समित्या त्याने पाहिलेल्याच नाहीत. वर्गातली पहिली दहा मुले पाहून शाळेतले सर्वांत उंच मूल ठरवण्यासारखे हे झाले.

रिकामे उत्तर. दिवाळीत बाजार बंद असतो. एखाद्या दिवशी नोंद पोहोचत नाही. नाव चुकले तरीही हाती शून्य नोंदीच येतात. तीन कारणे, उत्तर एकच : रिकामे. याचा अर्थ पत्रकात नसेल तर एजंट ‘आज आवक नाही’ असे ठोकून देऊ शकतो. प्रत्यक्षात बाजार मालाने भरलेला असेल.

सुधारलेले पत्रक

वरच्या प्रत्येक अडचणीत एक समान धागा आहे. साधन करणाऱ्याला माप माहीत होते, तारखेचा क्रम माहीत होता, नावे माहीत होती. इतकी माहीत होती, की ती लिहिण्यासारखी आहेत असे त्याच्या मनातही आले नाही. चांगले पत्रक लिहिणे म्हणजे मुख्यतः आपण धरून चाललेल्या गोष्टी शोधून कागदावर उतरवणे. आता पाहा :

‘भावदर्शक. महाराष्ट्रातील एका बाजार समितीत एका दिवशी एका शेतमालाला मिळालेला भाव देते. हमीभाव देत नाही. पुढचा भाव वर्तवत नाही.

बाजार समिती : यादीतील नावच द्यावे. नुसते चांदूर, धामणगाव किंवा अंजनगाव असे आले तर आधी विचारणाऱ्याला पूर्ण नाव विचारावे.
शेतमाल : यादीतील नाव द्यावे. तूर, तुरी = अरहर. हरभरा = बेंगाल ग्रॅम. कापूस म्हणजे सरकीसकट कापूस. रुईचा भाव येथे नाही.
तारीख : दिवस/महिना/वर्ष. ०५/११/२०२५ म्हणजे ५ नोव्हेंबर २०२५.
उत्तर : किमान, कमाल, सर्वसाधारण भाव, सर्व रुपये प्रति क्विंटल. एकच आकडा सांगायचा असल्यास सर्वसाधारण सांगावा, सोबत बाजार समिती आणि तारीख सांगावी.
मर्यादा : एका वेळी दहा नोंदी. संपूर्ण राज्याची तुलना यावरून करू नये.
नोंद नसल्यास : भाव शून्य किंवा आवक नाही असा अर्थ काढू नये. आधीचे तीन दिवस पाहावेत. मिळाल्यास तारीख स्पष्ट सांगावी.
उदाहरण : मागणी – अकोला, सोयाबीन, ०५/११/२०२५. उत्तर – किमान ३,८००, कमाल ४,६००, सर्वसाधारण ४,३०० (आकडे नमुन्याचे).’

हे पत्रक लांबले, पण फुगले नाही. साधन कोणी केले, किती मेहनतीने केले, ते किती उपयुक्त आहे, यातले काही त्यात नाही. एजंट पुष्कळ मजकूर झपाट्याने वाचतो हे खरे. परंतु एका वेळी तो डोळ्यांसमोर ठेवू शकेल अशा मजकुराला मर्यादा असते, आणि गर्दीत महत्त्वाची ओळ हरवते. म्हणून जे टाळायचे ते आधी लिहावे. प्रत्येक साधनाचे पत्रक स्वतंत्र वाचले तरी पुरे पडावे. ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ असे लिहू नये, कारण मागचे पान त्याच्यासमोर असेलच असे नाही.

साधनाने चूक कळवण्याची रीत हाही पत्रकाचाच भाग समजावा. ‘चूक क्रमांक ४००’ एवढेच आले तर एजंट तीच मागणी पुन्हा पाठवतो. ‘चांदूर हे नाव सापडले नाही, चांदूर बाजार की चांदूर रेल्वे?’ असे आले तर तो तोच प्रश्न शेतकऱ्याला विचारतो. उत्तरपत्रिकेवर नुसती लाल फुली मारणे आणि फुलीशेजारी ‘एकक लिहिले नाही’ असे लिहिणे, यातला फरक आपण शिक्षक चांगला जाणतो.

जेथे चूक महाग पडते

भावात चूक झाली तर पैसे जातात. पण असेच एखादे साधन फवारणीची मात्रा सांगणारे असले तर?

२०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशीसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले गेले. या घटनेमागे कारणे अनेक होती आणि ती सगळी कागदाशी निगडित नव्हती. तरी एक गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आत सूचनांचे पत्रक असते. माहिती डब्यासोबत असते. पण ती बारीक अक्षरांत, घडी घालून, आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसापासून दूर.

मात्रा सांगणाऱ्या साधनात हाच धोका आहे. ‘१० मिली’ म्हणजे किती पाण्यात? दहा लिटर की पंधरा लिटरचा पंप? की एकराला? हातपंपाला आणि पॉवर पंपाला एकरी लागणारे पाणी वेगळे, म्हणून पाण्यातली मात्राही वेगळी. येथे पत्रकात इशारा लिहून भागणार नाही. पंपाचा प्रकार आणि पाण्याचे माप दिल्याशिवाय साधनाने उत्तरच देऊ नये, आणि उत्तरातला आकडा कधीही एकटा येऊ नये. माप त्याच्यासोबतच यावे. दोन औषधे मिसळण्याबद्दल विचारले आणि माहिती नसेल, तर ‘माहिती नाही, कृषी अधिकाऱ्याला विचारा’ असे सांगण्याची सूचना स्पष्ट असावी. अंदाज करणाऱ्याला अंदाज कोठे करायचा नाही, हे सांगून ठेवावे लागते.

वर्गासाठी कृती

हे सारे संगणकाशिवाय समजावून देता येते. आठवी ते दहावीच्या वर्गात पुढील कृती करून पाहा.

एका मुलीला ‘एजंट’ करा आणि दाराबाहेर बसवा. वर्गात दुसरा गट ‘साधन’ होईल. त्यांच्याजवळ आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतून कापलेले बाजारभाव असतील. हा गट अर्ध्या पानात आपले माहितीपत्रक लिहील. तिसरा गट ‘शेतकरी’ होऊन घरी बोलतात त्या वऱ्हाडीत एजंटला प्रश्न विचारील. एजंटने फक्त पत्रक वाचून चिठ्ठीवर मागणी लिहायची. साधनाने पत्रकात ठरल्याप्रमाणेच उत्तर द्यायचे, चिठ्ठीबाहेर एक शब्दही बोलायचा नाही.

पहिल्या फेरीत एजंटला एक नियम द्या : काही कळले नाही तरी थांबायचे नाही, जे योग्य वाटेल ते धरून उत्तर द्यायचे. सर्व उत्तरे फळ्यावर लिहा आणि खऱ्या भावांशी ताडून पाहा. प्रत्येक चुकीशेजारी, पत्रकात काय लिहिले असते तर ही चूक टळली असती, हे मुलांकडूनच काढून घ्या. मग पत्रक सुधारा, एजंट बदला आणि दुसरी फेरी घ्या. एजंट बदलणे विसरू नका. पहिल्या मुलीला आता सगळे माहीत झालेले असते, आणि माहीत असलेल्या वाचकावर पत्रकाची परीक्षा होत नाही. खरी साधने करणारेही असेच करतात. एजंटला पत्रक देतात, तो कोठे घसरतो ते पाहतात, आणि त्या जागी एक ओळ घालतात.

या कृतीत मराठीचा तास आहे, गणिताचा आहे आणि विज्ञानाचाही आहे; कारण एककाशिवाय आकड्याला अर्थ नाही, हे आपण प्रयोगवहीवर वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. यंत्रासाठी लिहिलेले असे पत्रक माणसालाही उपयोगी पडते. पहिल्यांदाच एकटा बाजारात जाणाऱ्या मुलालाही खंडी आणि क्विंटल यांतला फरक कोणी तरी सांगावाच लागतो.

आपल्या वर्गात ही कृती केल्यास पहिल्या फेरीतल्या चुका आणि मुलांनी सुधारलेले पत्रक आमच्याकडे जरूर पाठवा. मुलांना कोणती गोष्ट लिहायची सर्वांत शेवटी सुचली, तेवढे मात्र आवर्जून कळवा.